पाव उभा राहतो कशावर

सातिवलीत सकाळ होते ती पाववाल्याच्या घंटीने. महामार्गावरचे हॉर्न रात्रभर चालूच असतात, त्यांच्याने कुणी जागं होत नाही. साडेसहाच्या सुमारास कॅरिअरला भलीमोठी प्लास्टिकची पिशवी बांधलेली सायकल गल्लीत शिरते आणि पहिल्या पाळीला निघालेली माणसं अर्धी लादी काखेत मारून चहाच्या टपरीकडे वळतात. वालीव, गोखिवरे, सातिवली हा सगळा वसई पूर्वेचा कारखान्यांचा पट्टा. पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर, मधून मुंबई-अहमदाबाद रस्ता आणि आजूबाजूला पत्र्याच्या छपरांचे गाळे. इथे पाव म्हणजे चैन नव्हे. स्वयंपाकाला सवड नसलेल्या माणसाचं ते जेवण आहे.

आमच्या दारावरून मात्र गेल्या वर्षी ती घंटी नुसतीच पुढे जाऊ लागली. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, साखर वाढली होती. डॉक्टरांनी सांगितलं, भात-पोळी-पाव कमी करा, प्रथिनं वाढवा. अण्णांनी भात निमूट सोडला, चहातली साखर सोडली, पोळ्या चारावरून दोनवर आणल्या. पाव सुटेना. "चहात बुडवायला काहीतरी लागतंच ना गं," हे रोजचं पालुपद. मग मी पिठाशिवायचा पाव करायच्या नादाला लागले. पहिले आठ-नऊ प्रयोग कुणाला दाखवण्यासारखे नव्हते. पण पाव का फुगतो आणि फुगून उभा का राहतो, हे मला त्या बसलेल्या, चिकट, एकदा तर चक्क जांभळ्या वड्यांनी शिकवलं. चांगल्या जमलेल्या पावाने ते कधीच शिकवलं नसतं.

वसईत बसून पावाबद्दल लिहायचं तर थोडं मागे जावं लागतं. पाव हा शब्दच पोर्तुगीज 'पांव'वरून आलेला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली दोनशे वर्षं किल्ल्यात आणि आसपास भट्ट्या पेटत होत्या. त्यांच्या देशातलं खमीर इथे कुठून मिळणार? पण माडाची ताडी होती, तिच्यात आंबवणारं यीस्ट आपोआप असतं. ताडीने कणीक फुगवायची ही रीत गोव्यात रुळली आणि इकडच्या ख्रिस्ती घरांतही. अशा कणकेचे सणासुदीचे फुगे, म्हणजे तळलेले गोळे, अजूनही होतात. पाव विहिरीत टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं, ही लोककथाही याच किनाऱ्याची. म्हणजे एके काळी पाव खाल्ला की धर्म जायचा. आता पथ्य जातं.

तर पावात असतं काय? पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याचे बुडबुडे होतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण बुडबुडे तर इडलीच्या पिठातही होतात, आणि इडलीची लादी काही कापता येत नाही. खरा प्रश्न बुडबुडा कसा होतो हा नाही. त्याला धरून कोण ठेवतं, हा आहे.

याचं उत्तर नळाखाली मिळतं. मूठभर मैद्याची घट्ट कणीक मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग बारीक धारेखाली ती चोळत राहा. पांढरंशुभ्र पाणी वाहून जाईल, ते स्टार्च. दहा मिनिटांनी हातात उरेल एक करडट पिवळा, च्युइंगगमसारखा ताणला जाणारा गोळा. हे ग्लूटेन, म्हणजे गव्हाचं प्रथिन. इटलीत बोलोन्याच्या याकोपो बेक्कारीने १७२८ मध्ये हाच उद्योग केला आणि विद्वानांपुढे मांडला. धान्यातून निघालेला हा गोळा मांसासारखा वागतो, कुजला की मांसासारखाच घाणतो, याचं त्याला नवल वाटलं. वनस्पतीतही प्रथिन असतं हे कळण्याची सुरुवात इथून झाली. हा प्रयोग मी स्वयंपाकघरात केला तेव्हा सासूबाईंनी वाया गेलेल्या मैद्याचा हिशेब आधी विचारला, बेक्कारीचा नंतर.

ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनांना पाणी मिळालं आणि वर मळणी झाली की ती एकमेकांत गुंततात आणि जाळं तयार होतं. एक ताणलं जातं, दुसरं मागे ओढतं. फुगा फुगावा तशी या जाळ्यात हवा भरत जाते. मग भट्टीची आच लागते. स्टार्चचे कण साधारण ६० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतात आणि जाळ्यातल्या फटी लिंपून टाकतात. कुडाच्या भिंतीसारखंच हे. कारवीच्या काठ्यांचं कूड ग्लूटेनचं, वरचं शेणमातीचं लिंपण स्टार्चचं. काठ्या काढल्या तर भिंत पडते, लिंपण काढलं तर वारा आरपार जातो.

पिठाला रजा द्यायची म्हणजे या दोन्ही कामांना बदली माणसं शोधायची. इथेच बहुतेक पाककृती फसतात. लोक 'पिठाऐवजी काय घालू' असं विचारतात आणि पिठासारखी दिसणारी दुसरी पूड घालतात. बदामाची पूड, खोबऱ्याची पूड, शेंगदाण्याचं कूट. रंगरूप पिठाचं, पण यातली एकही काठी होत नाही आणि लिंपणही होत नाही. नुसत्या कुटाचा पाव म्हणजे ओली वाळू. डब्यातून काढला की ढासळतो.

काठ्यांची जागा घेणारा पहिला उमेदवार अंडं. ते का चालतं हे समजायला मला पुस्तकापेक्षा खरवस उपयोगी पडला. व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध, म्हणजे चीक, वाफवलं की वडीसारखं घट्ट होतं. त्यात कुणी पीठ घालत नाही, चायना ग्रास घालत नाही. रोजचं दूध मात्र तासभर उकळलं तरी आटतं, घट्ट वडी होत नाही. फरक प्रथिनांचा. रोजच्या दुधात मुख्यतः केसीन, त्याला आच लागली तरी ते फारसं हलत नाही. चिकात वासराला रोगांपासून वाचवणारी प्रथिनं खच्चून भरलेली असतात. ती तापली की त्यांच्या घड्या उलगडतात, उलगडलेले धागे एकमेकांना चिकटतात आणि मधलं पाणी त्या जाळीत अडकून बसतं. अंड्यात अगदी हेच घडतं. पांढरं साठ-बासष्ट अंशांना धरायला लागतं, पिवळं पासष्ट ते सत्तरच्या मधे, आणि पांढऱ्यात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन पुरतं बसायला ऐंशीच्या वर जावं लागतं. बिनपिठाचा पाव म्हणजे हवा भरलेला खरवस, असं मी एकदा घरी म्हणाले. सासूबाईंना ते पटलं. अण्णा म्हणाले, "मग खरवसच कर की!"

पण अंड्याच्या जाळ्यात एक खोट आहे. ते एकदाच बसतं, आणि बसेपर्यंत फार नाजूक असतं. ग्लूटेन आच लागण्याआधीपासून ताणलं गेलेलं असतं. अंड्याचं जाळं भट्टीतच विणलं जातं. तोवर हवा धरून ठेवायला दुसरं कुणीतरी हवं, आणि ओलावा पकडून ठेवायलाही. ते काम इसबगोल करतो.

आपल्याकडे इसबगोलाची ओळख एकाच कामासाठी आहे आणि ते काम माहितीपर लेखात सविस्तर सांगायचं कारण नाही. शब्द फारसी, मूळ अर्थ घोड्याचा कान, बियांच्या आकारावरून पडलेला. जगात वापरला जाणारा बहुतेक इसबगोल भारतातूनच जातो. पीक मुख्यतः राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातलं, आणि मोठी बाजारपेठ उत्तर गुजरातेत ऊंझाला. आमच्या दारावरचा महामार्ग अहमदाबादला पोचतो, तिथून आणखी उत्तरेला गेलं की ऊंझा येतं. हे रब्बीचं पीक, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतं, आणि त्या वेळी अवकाळी सर आली तर उभं शेत हातचं जातं. कारण बी जे पावात करतं तेच शेतात करतं. पाणी दिसलं की पितं, फुगतं आणि बुळबुळीत होतं.

बियांवरचं पातळ साल स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. ते पाणी सुटं राहत नाही, त्याचा जेल होतो. सब्जा भिजवल्यावर भोवती येतं तसं वलय, पण जास्त चिवट, ताणलं जाणारं. पिठाशिवायच्या पदार्थांत ग्लूटेनच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू हीच. शिवाय हे साल जवळपास सगळं तंतू आहे, आणि तो आपल्या आतड्यात पचून साखर होत नाही, त्यामुळे कर्बोदकांच्या हिशेबात त्याचं वजन नाममात्र.

हिशेबावरून आठवलं. 'बिनपिठाचा', 'कमी कर्बोदकांचा' आणि 'भरपूर प्रथिनांचा' हे तीन शब्द हल्ली एका दमात म्हणतात, जणू तिन्हींचा अर्थ एकच. तिन्ही वेगळे आहेत, आणि पथ्यावरचा माणूस नेमका इथेच फसतो.

मुगाचा पाव घ्या. डाळ चार तास भिजवायची, मिक्सरला वाटायची, इसबगोल आणि सोडा घालून भाजायची. पीठ वापरलं का? नाही. पण गिरणीत कोरडं दळलं तर पीठ आणि मिक्सरमध्ये ओलं वाटलं तर पीठ नाही, हा नियम कुठला? शंभर ग्रॅम मूगडाळीत प्रथिनं साधारण २४ ग्रॅम आणि कर्बोदकं ६० ग्रॅमच्या घरात. दोनशे ग्रॅम डाळीचा पाव करून त्याचे बारा तुकडे केले तर प्रत्येकात कर्बोदकं दहा ग्रॅम, त्यातलं तंतूंचं वजन सोडलं तरी सात-आठ. चांगला पदार्थ आहे, तंतू आहेत, साखर पावाइतकी झरकन चढत नाही. पण तो कमी कर्बोदकांचा नाही. त्याला धिरडं म्हणा, उत्तमच आहे.

बदामाचा पाव कर्बोदकांत खरोखर कमी, पण शंभर ग्रॅम बदामात प्रथिनं २१ ग्रॅम आणि स्निग्धांश ५० ग्रॅम. म्हणजे तो प्रथिनांचा पाव कमी आणि तेलाचा जास्त. शेंगदाण्याचं तेच, प्रथिनं २५ आणि तेल ४९. तिसरीकडे बाजारातला 'हाय प्रोटीन' ब्रेड. त्यात बहुधा गव्हातून वेगळं काढलेलं ग्लूटेन घातलेलं असतं, तोच बेक्कारीचा गोळा वाळवून दळलेला, ज्यात प्रथिनं पंचाहत्तर टक्के. प्रथिनं खरी आहेत, पण सोबत गहूही आहे, म्हणून ग्लूटेन न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पाकिटाचा रंग तपकिरी असो की हिरवा, आत मैदाच जास्त आहे.

मधुमेह्यांसाठी पाव बदलायचा उद्योग आपल्या पिढीचा नाही. चरकाने प्रमेहाच्या रुग्णांसाठी जवावर भर दिला होता. पॅरिसच्या आपोलिनेर बुशार्दाने एकोणिसाव्या शतकात रुग्णांना ग्लूटेनचा पाव दिला. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या फौजांनी शहराला वेढा घातला, खायचे वांधे झाले, तेव्हा आपल्या काही रुग्णांच्या लघवीतली साखरच गायब झाल्याचं त्याने पाहिलं. लंडनमध्ये डॉ. पेव्ही बदामाच्या पावाचा पुरस्कार करत. मग १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं आणि हे सगळे चमत्कारिक पाव अडगळीत गेले. शंभर वर्षांनी तेच आता रील होऊन परत आले आहेत.

महाराष्ट्रात या चर्चेला घराघरात नेलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी. मूळ सूत्र नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचं, दीक्षितांनी ते गावोगाव व्याख्यानं देऊन रुजवलं. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका, गोड टाळा. यात पाव-पोळीला बंदी नाही, भर वारंवार न खाण्यावर आहे. म्हणजे हाही पुन्हा वेगळाच विचार, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तो कमी कर्बोदकांच्या आहाराशी सर्रास जोडला जातो. पण कर्बोदकांचा मुद्दा खोटा नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांची साधारण ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्याच पाहणीने २०२३ मध्ये देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं आणि आणखी तेरा कोटी साठ लाख लोक त्या उंबरठ्यावर असल्याचं. प्रथिनांची गरज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम धरली आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वरण-भात-भाजीच्या ताटात ती भरून काढायला बऱ्यापैकी कसरत लागते.

आता माझा पाव. चार अंडी, दोनशे ग्रॅम पनीर, वीस ग्रॅम इसबगोल, तीस ग्रॅम जवसाची पूड, पाव वाटी पाणी, दीड चमचा बेकिंग पावडर, मीठ, आणि अर्ध्या लिंबाचा रस. जवस का, तर तोही इसबगोलाचा गरीब चुलतभाऊ, पाण्यात बुळबुळीत होतो. शिवाय चव आपली आहे, चटणीतून जिभेला ओळखीची.

इसबगोल काट्यावर मोजा, चमच्याने नको. अख्खं साल मोठ्या चमच्यात चार-पाच ग्रॅम बसतं, त्याचीच पूड जवळजवळ दुप्पट. माझा तिसरा पाव रबरी चपलेसारखा का झाला याचा उलगडा मला काटा आणल्यावर झाला. पावसाळ्यात तर हा जिन्नस बरणीतच हवेतला ओलावा पितो, तेव्हा झाकण घट्ट.

पनीर, अंड्यांचे पिवळे बलक आणि पाणी मिक्सरमधून श्रीखंडासारखं गुळगुळीत फिरवून घ्यायचं. पनीराची कणी राहिली तर पावात पांढरे खडे दिसतात. इसबगोल, जवस, मीठ आणि बेकिंग पावडर परातीत कोरडंच एकत्र करायचं, म्हणजे इसबगोलाच्या गुठळ्या होत नाहीत. अंड्याचं पांढरं वेगळ्या भांड्यात, आणि ते भांडं तुपातेलाचा मागमूस नसलेलं. बलकाचा थेंब पडला तरी पांढरं नीट फेसत नाही, कारण बुडबुड्याच्या कडेला प्रथिनांनी बसायचं त्या जागी चरबी जाऊन बसते. लिंबाचे चार थेंब घालून फेटायचं, भांडं उलटं केलं तरी पडणार नाही इतकं. (पहिल्यांदा हे स्वतःच्या डोक्यावर करून बघू नये.)

उरलेला लिंबूरस पनीराच्या मिश्रणात, मग त्यात कोरडं मिश्रण, आणि शेवटी फेस, तीन वेळा करून, खालून वर उलटत. घुसळायचं नाही. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा दाट, वड्याच्या वाटणाच्या जवळ जातं. बटर पेपर लावलेल्या डब्यात घालून ओल्या उलथन्याने वरून सारखं करायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. ही दहा मिनिटं कुणी देत नाही आणि मग पाव आतून ओला निघतो. इसबगोलाला पाणी प्यायला वेळ लागतो. घाई केली तर सुटं पाणी भट्टीत तळाशी जमतं.

मग ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीत, १७० अंशांवर पन्नास मिनिटं. आमच्या ओट्यावर याला साधारण एक युनिट वीज जाते. वर रंग लवकर चढतो, त्यावर जाऊ नका. आत सुरी खुपसून बघायचीही सवय मोडा, इसबगोलामुळे ती नेहमीच थोडी चिकट निघते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९५ अंश दिसायला हवेत. नसेल तर डबा उलटा करून पावाच्या बुडाला टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर झाला, थपकन आला तर अजून दहा मिनिटं.

मे महिन्यातल्या एका दुपारी पंचविसाव्या मिनिटाला वीज गेली. काचेतून बघत होते. छान टम्म झालेला पाव हळूहळू बसत गेला, मधे खड्डा पडला. तापलेली हवा फुगते आणि गार झाली की आकसते. तोवर प्रथिनांचं जाळं पक्कं झालेलं असेल तर ते भार पेलतं, कच्चं असेल तर हवेबरोबर आत ओढलं जातं. कुडाच्या भिंतीला नुसत्याच ओल्या काठ्या. वीज आल्यावर पुन्हा भाजून काही उपयोग झाला नाही, एकदा गेलेली हवा परत येत नाही. तेव्हापासून भाजून झाल्यावरही मी ओटीजीचं दार लगेच सताड उघडत नाही. लाकडी चमचा अडकवून दहा मिनिटं किलकिलं ठेवते.

जांभळ्याची गोष्ट वेगळी. इसबगोलाचं नवं पाकीट आणलं आणि पाव कापला तर आत जांभळ्या कोनफळाचा रंग. घरात एकदम शांतता. कुणालाच तोंडात घालायचा धीर होईना. काही इसबगोलाच्या बाबतीत भाजल्यावर असं होतं, एका पाकिटाला होतं आणि दुसऱ्याला होत नाही. खायला त्यात धोका नाही. तरी त्या दिवशी तो मी एकटीनेच संपवला.

एका पावाचे बारा तुकडे होतात. सगळ्या जिन्नसांची बेरीज केली तर पूर्ण पावात प्रथिनं ६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुकड्यामागे पाच-साडेपाच. तंतू वगळून कर्बोदकं तुकड्यामागे जेमतेम एक ग्रॅम. साध्या ब्रेडच्या तीस ग्रॅमच्या स्लाइसमध्ये प्रथिनं अडीच आणि कर्बोदकं चौदा-पंधरा. आकड्यांच्या लढाईत आमचा पाव सरळ जिंकतो. खिशाच्या लढाईत हरतो, कारण एका लादीच्या पैशात यातलं पनीरसुद्धा येत नाही. जे लोक अर्धी लादी घेऊन पाळीला जातात त्यांना हा पाव कुणी शहाणपणाने सांगू नये.

शाकाहारी घरांसाठी सोपा मार्ग मला अजून सापडलेला नाही. अंडं काढलं तर इसबगोल दुप्पट करावा लागतो आणि पाव चिवट होतो. दही आणि बेताचा व्हे प्रोटीन घालून एक बरा प्रयोग झाला, पण व्हे पटकन करपतो आणि पाव कोरडा पडतो. अशा घरात मी सरळ पनीराची आणि जवसाची जाड थापी तव्यावर भाजायला सांगेन. पाव नाही तर नाही.

ठेवण्याच्या बाबतीत मात्र हा पाव नेहमीच्या उलट वागतो. साधा ब्रेड फ्रिजमध्ये लवकर शिळा होतो, कारण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसून कडक होतात. इथे स्टार्चच नाही, तेव्हा फ्रिजमध्ये तो चार दिवस मऊ राहतो. बाहेर ठेवला तर मात्र वसईच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी. ओलावा जास्त, साखर नाही, आंबटपणा नावापुरता, बुरशीला याहून काय हवं? मी कापून, मधे कागद घालून फ्रीझरमध्ये टाकते आणि लागेल तसा एकेक तुकडा तव्यावर तुपात परतते. परतल्याशिवाय खाऊच नये. कच्च्या तुकड्याला अंड्याचा वास येतो, भाजल्यावर तो जवसाच्या खमंगपणात बुडतो.

एक गोष्ट गमतीत घेण्यासारखी नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना ताटातली कर्बोदकं एकदम काढली की साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. औषधाचा डोस जुन्या ताटाच्या मापाने दिलेला असतो. अण्णांचा डोस डॉक्टरांनी आधी बदलला, पाव मागून आला. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिनं आपल्या मनाने वाढवू नयेत. आणि इसबगोल पोटात गेला की वर भरपूर पाणी प्यायलाच हवं. तो पोटातही फुगणारच. औषधाच्या गोळ्याही त्याच्या बरोबरीने घेऊ नयेत, मधे दोन तास जाऊ द्यावेत, नाहीतर तो त्यांनाही धरून ठेवतो.

चहात बुडवायचं काय झालं? तिथे हा पाव नापास. साध्या पावाचा स्पंज चहा शोषतो कारण त्यातलं स्टार्च कोरडं होऊन पाण्याला आसुसलेलं असतं. इसबगोलाची तहान भाजतानाच भागलेली असते. तुकडा कपात घातला की वरून ओला होतो, आतून तसाच राहतो. अण्णांनी पहिल्या दिवशी तो बुडवला, काढला, नीट न्याहाळला आणि बशीच्या कडेला ठेवला. एक शब्द बोलले नाहीत.

पुढे सासूबाईंनी तो लसणाच्या ओल्या चटणीबरोबर तव्यावर भाजून वाढायला सुरुवात केली, चहाच्या आधी, वेगळ्या बशीत. तसा तो खाल्ला जातो. आता रविवारी घंटी वाजली की अण्णा खाली जातात आणि लादीतले दोनच पाव मोजून आणतात, एक स्वतःला आणि एक सासूबाईंना. बाकीचे सहा दिवस ते सकाळी ओट्याजवळ येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "तुझं ते दे." पाव हा शब्द त्यांनी त्याला अजून दिलेला नाही.